सोलापूर ते न्यूयॉर्क: अंतर नक्की किती आणि घरातून निघाल्यापासून तास किती?

बाळीवेस_सोलापूर

गड्डा यात्रा संपली की फेब्रुवारीच्या मध्यावर आई-वडिलांना न्यू जर्सीला पाठवायचं आहे. परत येणं जूनमध्ये. दोघंही सत्तरीच्या आसपास, वडिलांना शुगर. तिकीट काढायला बसलो आणि आकड्यांनीच गोंधळ उडाला.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर एका साइटवर ७,७८७, दुसरीवर १२,५३२ आणि तिसरीवर ६,७६७ दिसतंय. थेट विमानाचा वेळ कुठे १४ तास, कुठे १६. तिकिटावर बघितलं तर मुंबईहून रात्री २:०० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला न्यूयॉर्क! येताना दुपारी १२:०० ला निघून दुसऱ्या दिवशी ११:४५ ला मुंबई. म्हणजे जाताना साडेपाच तास आणि येताना पावणेचोवीस?

चार गोष्टी हव्यात. खरं अंतर किती? जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का? दुबईवरून गेलं तर किती लांब पडतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोलापुरात घराचं दार ओढल्यापासून मुलाच्या दारापर्यंत एकूण किती तास धरायचे? मुंबई बरी की हैदराबाद?

---

अक्षांश_रेखांश

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकक वेगळं आहे इतकंच. १२,५३२ किलोमीटर, ७,७८७ साधे मैल आणि ६,७६७ सागरी मैल. साधा मैल १.६०९ किमी, सागरी मैल १.८५२ किमी. वैमानिक आणि हवाई नकाशे सागरी मैल वापरतात, अमेरिकन साइट साधे मैल दाखवतात. बऱ्याच साइट आकड्यापुढे नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात, त्यातून घोळ होतो.

हा आकडा घरी काढता येतो, सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून वजाबाकी न करता बेरीज करायची: १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. दोन्ही उत्तरांची बेरीज −०.३८६०. याचा उलटा कोसाइन घेतला की ११२.७ अंश येतात. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून ११२.७ × १११.२ = १२,५३२ किमी.

चुकतं ते दोन ठिकाणी. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर भलतंच काहीतरी उत्तर येतं, पडद्यावर अंशांची खूण आहे ना ते आधी बघा. आणि पूर्व-पश्चिम न बघता ७३.७८ मधून ७२.८७ वजा केलं तर रेखांशातला फरक एक अंशही भरत नाही आणि न्यूयॉर्क मुंबईपासून फक्त २,४०० किमीवर येतं. तसं उत्तर आलं तर चिन्ह चुकलं म्हणून समजा. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तो हिशेब धरणाऱ्या साइटवर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतील. तो फरक सोडून द्या.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेवरून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर अंतर सुमारे १४,२०० किमी भरतं, साडेसोळाशे किमी जास्त. खरा जवळचा रस्ता बघायचा तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून निघतानाच उत्तरेकडे, जेमतेम २७ अंश पश्चिमेला झुकून जातो, रशियावरून वर चढतो आणि फेरो बेटांच्या उत्तरेला, आइसलंडजवळच्या समुद्रावर ६४.७ अंश उत्तरेपर्यंत पोचतो. तिथून ग्रीनलंडचं टोक आणि कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. सीटसमोरच्या पडद्यावर आई-वडिलांना विमान भलतीकडेच चाललंय असं वाटेल, त्यांना आधी सांगून ठेवा की तोच जवळचा रस्ता.

सोलापूर शहरापासून थेट मोजलं तर न्यूयॉर्क सुमारे १२,८०० किमी. पण हा आकडा कामाचा नाही, कारण आधी मुंबई किंवा हैदराबाद गाठावंच लागतं.

दुबईबद्दल: मुंबई-दुबई १,९२५ आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० किमी. बेरीज १२,९२५, म्हणजे थेट रस्त्यापेक्षा फक्त ४०० किमी जास्त. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे जेमतेम २०० किमी जास्त. 'लांबचा फेरा' हा समज या मार्गावर लागू होत नाही. फेरा कुठे पडतो ते बघायचं तर सिंगापूर बघा: मुंबई-सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३५०. ते १९,२५० किमी होतात. स्वस्त दिसलं म्हणून ते तिकीट काढू नका.

---

पश्चिमवारा

अंतराचं वर चोख सांगितलंय. वेळेचं मी मांडतो, कारण किलोमीटर भागिले वेग केलं की उत्तर येईल असं वाटतं, तसं येत नाही.

मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किमी. पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही. आणि त्या उंचीवरची हवा स्थिर नसते, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहते. तिला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो सगळ्यात जोरदार, गाभ्यात ताशी २०० ते ३०० किमीपर्यंत. वैमानिक जाताना त्याला टाळतात आणि येताना त्याच्यावर स्वार होतात. उत्तर अटलांटिकवरचे ठरावीक हवाई रस्ते दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात ते याच वाऱ्याप्रमाणे.

आता तुमचा हिशेब. प्रत्यक्ष मार्ग कधीच नेमका १२,५३२ नसतो. बंद हवाई हद्दी, वादळं, रांगेत उतरणं धरून तो १३,१०० किमी समजा. जाताना सरासरी ६० किमीचा समोरचा वारा धरला तर जमिनीवरचा वेग ८४०. १३,१०० भागिले ८४० म्हणजे १५ तास ३५ मिनिटं. मुंबईत गेटपासून धावपट्टीपर्यंत सरकणं आणि न्यूयॉर्कला उतरून गेटला लागणं यांना मिळून अर्धा तास. झाले सोळा तास. येताना ५० किमीचा पाठीमागचा वारा धरला तर वेग ९५०, १३ तास ४७ मिनिटं, अधिक अर्धा तास, म्हणजे सव्वाचौदा. साइटवरचे '१४' आणि '१६' हे दोन्ही आकडे तिथून आले आहेत. एकाने जायचा वेळ लिहिला, दुसऱ्याने यायचा. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंत असतो, नुसत्या उड्डाणाचा नाही.

हवाई हद्दीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिकीट काढताना हेच नडतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै अशीच बंद होती. याचा मार दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना जास्त बसतो, कारण त्यांना आधी दक्षिणेला उतरून मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईचं विमान तसंही समुद्रावरून आखाताकडे वळू शकतं, त्याला कमी झळ बसते. दुसऱ्या बाजूला, अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये कंपनी बदलली की तास बदलतात. जून २०२५ मध्ये इराण-इराकची हद्द काही दिवस बंद होती आणि कतारनेही आपली हद्द काही तास बंद केली, तेव्हा आखातातून जोडविमान असणारे प्रवासी अडकले. तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानाची सोय करणं कंपनीचं काम. दोन वेगळी तिकिटं असतील तर तुमचं तुम्ही बघायचं. चार-पाच हजार वाचतात म्हणून सत्तरीच्या माणसांचं तिकीट तोडून काढू नका, ही कळकळीची विनंती.

तिकिटावरच्या 'साडेपाच तास'चं उत्तर सोपं. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. रात्री २ अधिक १६ तास म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६, त्यातून साडेदहा वजा केले की तिथे सकाळचे ७:३०. पडताळ्यासाठी एक युक्ती: तिकिटावर दिसणारे जाण्याचे आणि येण्याचे तास मिळवून निम्मे करा. घड्याळातला फरक एकदा वजा होतो, एकदा मिळतो, तो आपोआप कटतो आणि खरा सरासरी वेळ हातात येतो.

---

सम्राट_चौक

युक्ती उत्तम आहे, पण या तिकिटाला तशीच लावली तर एक तासाची चूक होईल. फेब्रुवारी आणि जून एका हंगामात येत नाहीत.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. २००७ पासून याच तारखा आहेत. आपल्याकडे बारा महिने एकच वेळ, त्यामुळे न्यूयॉर्कशी फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ.

तिकिटावर जाताना दिसतात ५:३०, येताना २३:४५. बेरीज २९:१५. प्रत्यक्ष उड्डाणं १६ आणि सव्वाचौदा, बेरीज ३०:१५. हरवलेला एक तास तो हाच. म्हणून जाणं हिवाळ्यात आणि येणं उन्हाळ्यात असेल तर बेरजेत एक तास मिळवा आणि मग निम्मे करा. उलट असेल, म्हणजे उन्हाळ्यात जाऊन हिवाळ्यात परत, तर एक तास वजा करा. दोन्ही प्रवास एकाच हंगामात असतील तरच युक्ती जशीच्या तशी चालते.

फोन करतानाही हे लागतं. मार्चनंतर मुलगा रोजच्या वेळेला फोन लावेल तेव्हा इथे एक तास आधीच घंटी वाजेल.

---

पश्चिमवारा

बरोबर, हे सुटलं होतं. दुरुस्ती मान्य.

---

विजापूर_रोड

बाळीवेसवाले मालक, आता तुमच्या खऱ्या प्रश्नाला येऊ. एक नियम पाळा: दारापासून दारापर्यंतचा सगळा तक्ता भारतीय वेळेत लिहा, न्यूयॉर्कची वेळ फक्त शेवटी एकदा.

आणि सगळ्यात आधी तारीख. विमान १५ फेब्रुवारी, रात्री २:००. हे १५ तारखेची सुरुवात होऊन दोन तास झालेले असतात. म्हणजे विमानतळावर १४ तारखेच्या रात्री १० ला हजर व्हायचं आणि सोलापूर १४ तारखेला दिवसा सोडायचं. इथे हमखास चूक होते: तिकिटावर १५ बघून लोक १४ च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरतात. ती १५ ला सकाळी मुंबईत पोचते आणि विमान तेव्हा चार-पाच तास उडालेलं असतं. मध्यरात्र ते पहाटे ५ मधलं कुठलंही विमान असलं की कॅलेंडरवर आदल्या तारखेला गोल करा.

आता तीन रस्ते.

पहिला, वंदे भारत. सोलापूरहून सकाळी ६:०५ ला सुटते, म्हणजे घर सव्वापाचला सोडायचं. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास दादर, तिथून टॅक्सीने टी-२, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २. गाडीत बसून जाणं, स्वच्छतागृह, पाय मोकळे करणं, सगळं सोयीचं. पण दुपारी १ ते रात्री १० मुंबईत काढायला जागा हवी. नातेवाईक असतील तर फार चांगलं, नाही तर विमानतळाजवळ दिवसाची खोली घ्या. विमान सुटतं २:००, उतरतं आपल्या संध्याकाळी ६:०० ला. इमिग्रेशन, सामान, कस्टम्सला दोन तास, तिथून न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला गाडीने दीड तास. पोचतील १५ तारखेला आपल्या रात्री साडेनऊला, तिथे सकाळी ११. घरातून निघून सव्वाचाळीस तास, त्यातले विमानाचे फक्त सोळा. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तो दिवस आधी बघा.

दुसरा, घरून थेट गाडी. ४०० किमीच्या वर. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत रस्ता झपाट्याने कटतो, पण लोणी काळभोर ते हडपसर आणि पुढे पुण्याबाहेर पडेपर्यंत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. आठ तास धरा, शिवाय एक तास राखीव. दुपारी १ ला निघून रात्री ९-१० ला टी-२. दार ते दार साडेबत्तीस तास. आठ तास कमी होतात, पण विमानात बसण्याआधीच कंबर मोडलेली असते. वाटेत दोनदा उतरून दहा मिनिटं चालवा.

तिसरा, हैदराबाद. सोलापूरकरांना हा रस्ता मुंबईपेक्षा सरळ पडतो. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी, पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं की शहरात न शिरता शमशाबादचा विमानतळ. सव्वातीनशे किमीच्या आसपास, साडेपाच ते सहा तास. पहाटे ४ चं दुबईचं विमान असेल तर संध्याकाळी ५ ला घर सोडायचं. हैदराबाद-दुबई २,५५० किमी, चार तास. तीन तासांचा हॉल्ट. दुबई-न्यूयॉर्क चौदा तास. पुढे तेच साडेतीन तास. एकूण साडेपस्तीस.

म्हणजे हैदराबादहून एक थांबा घेऊन जाणं हे वंदे भारत आणि थेट विमानापेक्षा पाच तासांनी लवकर, आणि मुंबईपर्यंत गाडीने जाऊन थेट विमान घेण्यापेक्षा तीन तासांनी उशिरा. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या जोडीला सलग सोळा तास बसवण्यापेक्षा चार अधिक चौदा आणि मध्ये चालायला तीन तास हे शरीराला बरं. पण इंग्रजी बोर्ड वाचून गेट शोधणं जमणार नसेल तर थेटच घ्या. व्हीलचेअर मागितली की माणूस सोबत देऊन गेटपर्यंत नेतात, ती मागणी तिकिटावर किमान ४८ तास आधी नोंदवा. विमानतळावर ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते.

हॉल्ट किती हवा? दोन तासांपेक्षा कमी अजिबात नको, चारपेक्षा जास्तही नको. अमेरिकेच्या विमानाला गेटवर दुसऱ्यांदा तपासणी होते आणि बोर्डिंग लवकर सुरू होतं. अबू धाबीवरून जात असाल तर वेगळं आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसण्याआधी होतं. त्यासाठी तिथे तीन तास तरी असू द्या. फायदा हा की न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग नाही.

---

बाळीवेस_सोलापूर

फार उपयोग झाला. १४ च्या रात्रीची सिद्धेश्वरच बघून ठेवली होती, ती आता रद्द. दोन प्रश्न राहिले. होटगी रोडच्या आपल्या सोलापूर विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झालंय ना, ते धरलं तर? आणि वडिलांच्या गोळ्यांचं वेळापत्रक कसं करायचं, साडेदहा तासांचा फरक पडतो म्हणून?

---

होटगी_रोड

विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला आणि मुंबईचं १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं. हवाई अंतर सुमारे ३६० किमी, तासाभराचा प्रवास. ऐकायला छान, पण परदेशी जाणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात.

एक म्हणजे सामान. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात, दोघांच्या मिळून ९२ किलो. देशांतर्गत साध्या तिकिटावर माणशी १५ किलोच्या आसपास, दोघांचे ३०. वरचे ६२ किलो त्या छोट्या विमानात जादा पैसे भरून न्यायचे म्हणजे तिकिटापेक्षा सामान महाग. शिवाय जागा नसेल तर घेतीलच याची खात्री नाही.

दुसरं, हे तिकीट वेगळं असणार. सोलापूरचं विमान रद्द झालं तर अमेरिकेचं विमान थांबत नाही आणि ते पैसेही परत मिळत नाहीत. आणि तिसरं, विमान रोज आहे का, कोणत्या टर्मिनलला उतरतं, हे काढायच्या दिवशी बघा. वेळापत्रक बदलत असतं.

माझ्या मते हलकं सामान घेऊन पोचवायला जाणाऱ्याने ते विमान घ्यावं. बॅगांसोबत आई-वडिलांनी गाडीनेच जावं.

परतीच्या प्रवासाचं कोणी बोललं नाही. जूनमध्ये ११:४५ ला उतरले तर बाहेर पडायला दीड-पावणेदोन वाजतात. दुपारची वंदे भारत सीएसएमटीहून ४:०५ ला सुटते. कागदावर जमतं, पण जूनच्या पावसात विमान वर घिरट्या घालत राहिलं किंवा दुसरीकडे वळवलं तर ती चुकते. रात्रीच्या सिद्धेश्वरचं आरक्षण ठेवा. आडवं पडून सकाळी सोलापूर.

---

सम्राट_चौक

गोळ्यांचं. डोस किती आणि केव्हा हे डॉक्टरच ठरवतील, विशेषतः इन्सुलिन असेल तर. पण त्यांच्याकडे जाताना हा तक्ता घेऊन जा: निघायची वेळ, प्रत्येक विमान किती तासांचं, जेवण साधारण केव्हा, सगळं भारतीय वेळेत. 'सकाळी-संध्याकाळी' असं लिहून घेऊ नका. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेचौतीस तासांचा होतो, त्यात दोन सकाळ येतात. 'आधीच्या गोळीनंतर इतक्या तासांनी' असं लिहून घ्या. वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ न्यू जर्सीत घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. फोनचं घड्याळ उतरल्यावर आपोआप बदलतं, त्यावर विसंबून दोनदा गोळी घेतली जाते किंवा एक चुकते.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इन बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडायला नको. दर दोन तासांनी विमानात उठून चालायचं, म्हणून कडेची सीट घ्या. झोपेचं चक्र दिवसाला साधारण एक तासाने सरकतं, त्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस पहाटे ३ ला जाग येईल. घाबरू नये. येताना पूर्वेकडे प्रवास असतो, तो शरीराला जास्त जड जातो. सोलापुरात आल्यावर पहिल्या आठवड्यात लग्नकार्य, दवाखान्याची तपासणी ठेवू नका.

---

विजापूर_रोड

एक राहिलं. शेंगाचटणी जाणारच, म्हणून सांगतो. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर काढून ठेवतात. साध्या पाण्याच्या पेल्यापेक्षा थोडं जास्त, एवढं ते माप. म्हणून चटणी, मेतकूट, भाजणी सगळं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून. कडक भाकरी चालते. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घालू नका, तेलकट असतं म्हणून पेट घेण्याचा धोका धरतात आणि बॅग उघडायला लावतात. बॅग उघडायला माणूस पुन्हा खाली बोलावतात, त्यात पाऊण तास जातो. ताजी फळं, कढीपत्ता, बिया नकोत. उतरल्यावर खाण्याचं आहे का असं विचारलं तर 'हो' म्हणायचं आणि दाखवायचं. 'नाही' म्हणून निघालं तर दंड होतो.

बॅगा घरच्या काट्यावर प्रत्येकी २२ किलोच भरा. चादरी टाकल्या की काटा कसा सरकतो ते तुम्हाला माहीतच आहे.